रातांब्याच्या सालीत काय काय आहे आणि ते कसं मोजायचं

एप्रिल सरत आला की कोकणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, लालभडक होऊन झाडाखाली पडायला लागतात. पाऊस यायच्या आत ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, सालं वाळवायची, आगळ म्हणजे घट्ट रस काढायचा. सगळी घाई याच महिन्या-दीड महिन्यात. याच दिवसांत रसायनशास्त्राची मुलं आणि छोटे उद्योजक एकच प्रश्न घेऊन येतात: आमच्या कोकमात नेमकं काय आहे, किती आहे, आणि ते कसं तपासायचं?

हा लेख त्यांच्यासाठी आहे. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत असतं तेवढं सामान गृहीत धरलं आहे. एचपीएलसीसारखं, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मोठं यंत्र कुठे लागतं आणि कुठे लागत नाही, तेही सांगितलं आहे. लेखभर एकाच गोष्टीवर माझा जोर आहे. शेवटी जो आकडा हाती येतो त्याचं खरंखोटं बरंचसं यंत्रापर्यंत पोचायच्या आधी ठरलेलं असतं: साल कशी वाळवली, तिच्यात ओलावा किती होता, मीठ किती होतं, यावर.

आधी काय शोधतोय ते ठरवा

रातांबा म्हणजे गार्सिनिया इंडिका, गोव्यातलं भिरंड. मँगोस्टीन आणि केरळातलं कुडमपुळी ही त्याचीच भावंडं. त्याच्या सालीत रसायनशास्त्राच्या दृष्टीने तीन मोठे गट आहेत आणि तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिलं आम्ल. कोकमाचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सीसायट्रिक आम्लाचा, म्हणजे एचसीएचा. त्याच्या जोडीला थोडं मॅलिक आणि सायट्रिक असतं. एचसीए पाण्यात सहज विरघळतं.

दुसरा रंग. तो अँथोसायनिनचा. कोकमात मुख्य दोन आहेत: सायनिडिन-३-सांबुबायोसाइड, जे जास्त असतं, आणि सायनिडिन-३-ग्लुकोसाइड. हे पाण्यात आणि इथेनॉलमध्ये उतरतात. उष्णता, उजेड आणि अल्कली यांना मात्र टिकत नाहीत.

तिसरं गार्सिनॉल. पिवळं, स्फटिकरूप, बेंझोफेनोन वर्गातलं संयुग. रेणूभार सुमारे ६०२. पाण्यात ते विरघळत नाही, हेक्झेन, इथेनॉल, ॲसिटोन यांत उतरतं. वाळलेल्या सालीत ते साधारण दोन-तीन टक्के असतं असं मानतात.

म्हणजे एकाच द्रावकात तिन्ही नीट काढता येत नाहीत. "कोकमाचा अर्क केला आणि त्यात सगळं मोजलं" असं वाक्य एखाद्या प्रकल्पात दिसलं की माझा पहिला प्रश्न असतो, अर्क कशात केला? पाण्याच्या अर्कात गार्सिनॉल नाही म्हणून ते सालीतच नाही, असं म्हणता येत नाही. तेव्हा सुरुवातीलाच नमुन्याचे तीन वेगळे वाटे वजन करून ठेवा, प्रत्येकाला त्याचं द्रावक द्या.

नमुना: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

एका झाडाची चार फळं म्हणजे "कोकणातलं कोकम" नव्हे. रातांब्याची झाडं बहुतेक बियांपासून आलेली, त्यामुळे एका वाडीतल्या दोन शेजारच्या झाडांत सालीची जाडी आणि आंबटपणा वेगळा निघतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती निवडून दिल्या आहेत. कलमी झाडांची फळं मिळाली तर जातीचं नाव नोंदवता येतं आणि तुलना सोपी होते. नाही मिळाली तरी हरकत नाही. फक्त गाव, झाड, तोडणीची तारीख आणि फळ झाडावरून काढलं की खाली पडलेलं उचललं, एवढं वहीत लिहा. शक्य असेल तर वीस-पंचवीस फळांच्या साली एकत्र करा, पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकी बाजूला काढा. हवं तेवढं उरेपर्यंत हेच करत राहा.

फळ फोडायला लोखंडी विळी घेऊ नका. सायनिडिनचा लोखंडाशी संयोग होऊन साल काळपट पडते. स्टीलची सुरी घ्या. बिया आणि पांढरा गर पूर्ण काढा. गरात साखर असते आणि बियांत मेद, म्हणजे आपलं भिरंडेल. दोन्ही सालीच्या आकड्यात मिसळायला नकोत.

आता वाळवणं. इथे आधी स्वतःला विचारा, मला ताज्या सालीचं पृथक्करण करायचं आहे की बाजारात मिळणाऱ्या आमसुलाचं? या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. आमसूल करताना सालीला मिठाच्या रसाचे पुट देतात: बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. प्रत्येक पुटात वरचं आम्ल आणि रंग सालीवर चढतो, मीठही चढतं. त्यामुळे आमसुलात जे मोजाल ते मूळ सालीचं नसतं. साल, रस आणि मीठ यांच्या बेरजेचं असतं.

ताज्या सालीसाठी उत्तम मार्ग म्हणजे फ्रीझ ड्रायर. तो नसेल तर ट्रेमध्ये एकच थर पसरून ४५ ते ५० अंशांवर वाळवा. तापमान वाढवून वेळ वाचवू नका, रंग जातो. वाळलेली साल फ्रीझरमध्ये थंड करून मिक्सरला थोडं थोडं थांबत फिरवा, कारण गरम झाली की आम्ल आणि साखरेमुळे पूड भांड्याला चिकटून गोळा होते. चाळा, हवाबंद गडद बाटलीत भरा, फ्रीझरमध्ये ठेवा. बाटली बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. थंड पूड दमट हवेत उघडली तर ती डोळ्यांदेखत पाणी ओढते. जूनमध्ये कोकणात काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

ओलावा आणि मीठ

पाठ्यपुस्तकातली सवय म्हणजे ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवणं. कोकमाला ही रीत मानवत नाही. पूड काळी पडते, वजन घटतच राहतं. त्याचं एक कारण फार छान आहे. एचसीए तापलं की पाण्याचा एक रेणू सोडून त्याचं लॅक्टोन, म्हणजे रेणूतच कडं जुळलेलं रूप, बनतं. १०० ग्रॅम पुडीत १२ ग्रॅम एचसीए असेल आणि ते सगळं लॅक्टोन झालं, तर सुमारे १ ग्रॅम पाणी असं सुटतं जे मुळात ओलावा नव्हतंच. तुम्ही मात्र ते ओलाव्यात धरता.

म्हणून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ७० अंशांवर वाळवा. तो नसेल तर मसाल्यांसाठी वापरतात ती टोल्युइनबरोबर उकळून पाणी वेगळं गोळा करायची पद्धत आहे. तिथेही तापमान वर जातं, तेव्हा वेळ ठरवून ठेवा आणि सगळ्या नमुन्यांना तोच द्या. टोल्युइन ज्वलनशील आणि विषारी आहे, काम फ्यूम हूडमध्येच.

आमसुलाचं मीठ मोजायचं असेल तर सरळ अर्कावर सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन करू नका. अर्क आम्लधर्मी असतो, आणि पोटॅशियम क्रोमेटचा रंगबदल त्या लाल द्रावणात दिसत नाही. ठरावीक वजनाचं आमसूल आधी हळूहळू कोळसा करा, मग मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांच्या वर न जाता राख करा. राख पाण्यात घ्या, नायट्रिक आम्लाच्या थेंबांनी उदासीन करा आणि मग टायट्रेट करा. आलेलं मीठ आणि ओलावा दोन्ही वजा करून जो कोरडा भाग उरतो, त्यावर बाकीचे आकडे काढा. मिठाशिवायच्या सालीशी तुलना करायची तर दुसरा रस्ता नाही.

रंग मोजणं: इथून सुरुवात करा

नवख्या माणसाला मी नेहमी रंगापासून सुरू करायला सांगतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर बहुतेक कॉलेजांत असतो, रसायनं स्वस्त आहेत आणि पद्धतीमागचं तत्त्व डोळ्यांना दिसतं. पीएच १ ला अँथोसायनिन लालभडक असतं. पीएच ४.५ ला त्याचं बहुतांश रंगहीन रूपात जातं. याच दोन अवस्थांमधला फरक मोजायचा. नमुन्यातला तपकिरी, खराब झालेला रंग दोन्हीकडे जवळपास सारखाच राहतो, त्यामुळे तो वजाबाकीत निघून जातो.

अर्क असा करा. २ ग्रॅम पूड घ्या. ०.१ टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेलं इथेनॉल ३० मिली ओता, फ्लास्कला फॉइल गुंडाळा आणि अर्धा तास हलवत ठेवा. गाळा. चोथ्यावर पुन्हा तेवढंच द्रावक, पुन्हा गाळा. चोथा फिका पडला की थांबा, सगळं गाळलेलं द्रावण एकत्र करून १०० मिलीपर्यंत भरा. इथेनॉल कॉलेजात नोंदीवर मिळतं, उशीर होऊ शकतो, तेव्हा मागणी आधीच द्या. पाण्यात अर्क करता येतो, पण पेक्टिनमुळे तो गढूळ होतो आणि सेंट्रिफ्यूज केल्याशिवाय वाचन घेता येत नाही.

बफर दोन:

पीएच १ साठी १.८६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड सुमारे ९८० मिली पाण्यात विरघळवा, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १.० करा, १ लिटर भरा.

पीएच ४.५ साठी ५४.४३ ग्रॅम सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट सुमारे ९६० मिली पाण्यात घ्या, हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ४.५ करा, १ लिटर भरा.

मग अर्क पीएच १ च्या बफरमध्ये पातळ करून बघा. ५२० नॅनोमीटरला ॲब्सॉर्बन्स ०.२ ते १.४ च्या दरम्यान आला पाहिजे. त्यासाठी किती पट पातळ करावं लागतं ते ठरवा आणि दोन्ही बफरमध्ये तेवढंच पातळ करा. अर्काचा वाटा एकूण द्रावणाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त असू नये. वीस मिनिटं थांबा, मग पन्नास मिनिटांच्या आत ५२० आणि ७०० नॅनोमीटरला वाचनं घ्या. ७०० चं वाचन गढूळपणा वजा करायला लागतं.

कोकमासाठी एक खास काळजी. आगळासारखा घट्ट, आंबट नमुना थोडाच पातळ करून ४.५ च्या बफरमध्ये टाकला, किंवा अर्क काढताना जास्त तीव्र आम्ल वापरलं, तर ते आम्ल बफरला खाली ओढतं. नळीवर चिठ्ठी ४.५ ची आणि आत प्रत्यक्षात ४ च्या जवळपास, असं होतं. मग रंग पूर्ण जात नाही, वजाबाकी लहान येते आणि निकाल कमी लागतो. मिसळून झाल्यावर त्या नळीत पीएच मीटर बुडवून बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने. समजा पीएच १ ला ५२० चं वाचन ०.८१२ आणि ७०० चं ०.०१२, म्हणजे फरक ०.८००. पीएच ४.५ ला ०.११८ आणि ०.०१४, म्हणजे फरक ०.१०४. दोन्हींची वजाबाकी ०.६९६. याला रेणूभार ४४९.२ ने, पातळ केलेल्या पटीने, म्हणजे समजा २० ने, आणि १००० ने गुणा. मोलर शोषकता २६,९०० ने भागा. क्युव्हेट १ सेंटीमीटरची. उत्तर येतं लिटरला २३२ मिलिग्रॅम. आपला अर्क १०० मिली होता, म्हणजे त्यात २३.२ मिलिग्रॅम, आणि ते २ ग्रॅम पुडीतून आलं. १०० ग्रॅम पुडीत ११६२ मिलिग्रॅम. पुडीत १५ टक्के ओलावा असेल तर कोरड्या वजनावर तेच १३६७ होतं. एकाच नमुन्याचे हे दोन आकडे आहेत. कोणता आकडा दिला हे न सांगता दोन गावांची तुलना केली तर ती तुलना ओलाव्याची होते.

आणखी एक. ४४९.२ हा रेणूभार सायनिडिन-३-ग्लुकोसाइडचा आहे, कोकमात जास्त आहे ते सांबुबायोसाइड. म्हणून निकालापुढे "सायनिडिन-३-ग्लुकोसाइड समतुल्य" हे शब्द हवेतच.

आम्ल: ब्युरेटने किती दूर जाता येतं

दुसऱ्या वाट्यातली ५ ग्रॅम पूड गरम पाण्यात तीन वेळा काढा, गार करून १०० मिली भरा. त्यातला १० मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचा.

फेनॉल्फ्थॅलीन इथे कामाचं नाही. अल्कली पडायला लागली की अर्क स्वतःच रंग बदलतो. लाल फिका होतो, मग जांभळट, मग निळसर-हिरवट, आणि थोडा वेळ गेला की पिवळा-तपकिरी. या सगळ्या खेळात इंडिकेटरचा गुलाबी रंग ओळखू येत नाही. पीएच मीटर लावा आणि ८.२ ला थांबा. शेवटाजवळ आणखी एक गोष्ट दिसेल: ८.२ दाखवून आकडा सावकाश खाली घसरतो. द्रावणातलं लॅक्टोन अल्कलीत हळूहळू उघडतं आणि नवा आम्लगट तयार होतो, त्यामुळे असं होतं. घसरणीच्या मागे लागून थेंब टाकत बसू नका. पीएच तीस सेकंद टिकला की तो शेवट, असा नियम ठरवा आणि सगळ्या नमुन्यांना लावा.

एचसीएचा रेणूभार २०८, आम्लगट तीन, म्हणून समतुल्यभार ६९.४. समजा १० मिली अर्काला, म्हणजे अर्ध्या ग्रॅम पुडीला, ८.४ मिली अल्कली लागली. ८.४ गुणिले ०.००६९४ म्हणजे ०.०५८ ग्रॅम, अर्थात ११.७ टक्के. कोकमाच्या सालीत एचसीए दहा-बारा टक्क्यांच्या आसपास मिळाल्याच्या नोंदी आहेत, तेव्हा आकडा पटण्यासारखा आहे.

पण तो "एकूण आम्लता, एचसीए म्हणून" एवढाच आहे. ब्युरेट आम्ल किती ते सांगते, कोणतं ते सांगत नाही. इतिहासात याचं चांगलं उदाहरण आहे. कोकमाच्या भावंडात, कुडमपुळीत, टार्टारिक आणि सायट्रिक आम्ल असतं असं बराच काळ समजलं जात होतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुइस आणि नीलकंठन यांनी १९६५ मध्ये ते वेगळं करून दाखवलं, तेव्हा ते हायड्रॉक्सीसायट्रिक निघालं. टायट्रेशन आधीही होतं, पण आम्लाची ओळख त्यातून पटणार नव्हती.

लॅक्टोनचा अंदाज ब्युरेटने घेता येतो. लॅक्टोनमध्ये मोकळे आम्लगट दोन, उघडल्यावर तीन. एका १० मिली वाट्याचं थंड टायट्रेशन करा. दुसऱ्या वाट्यात मोजून जास्तीची अल्कली घाला, उकळत्या पाण्यावर वीस मिनिटं ठेवा, गार करून उरलेली अल्कली आम्लाने मोजा. दुसऱ्या वाट्याला जेवढी जादा अल्कली लागली ती लॅक्टोनची. फक्त साखर गरम अल्कलीत मोडते आणि तीही अल्कली खाते, त्यामुळे गर नीट न काढलेल्या सालीत हा आकडा फुगतो. अंदाज म्हणून ठीक आहे, अहवालात अंतिम निकाल म्हणून देऊ नका.

एचपीएलसी कधी आणि कशी

ग्राहकाला "एचसीए इतके टक्के" असं लेबलवर लिहून द्यायचं असेल किंवा शोधनिबंध करायचा असेल, तर एचपीएलसीला पर्याय नाही. विद्यापीठाच्या किंवा मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पण तिथे काय होतं ते माहीत असलं की योग्य प्रश्न विचारता येतात.

सी-१८ स्तंभ (तेलकट थर दिलेल्या सिलिकाने भरलेली नळी) आणि विरळ सल्फ्युरिक आम्लाचं पाणी, शोधक २१० नॅनोमीटरवर, ही प्रचलित रीत. एचसीएला स्तंभाशी फारशी ओढ नाही, ते लवकर बाहेर येतं. लॅक्टोनचं शिखर आलेखावर वेगळं मिळतं. २१० ला जवळपास सगळंच दिसत असल्याने रंग आणि गार्सिनॉल आधीच काढून टाकलेलं बरं: अर्क छोट्या सी-१८ काडतुसातून जाऊ द्या, रंग वर अडकतो, आम्ल खाली उतरतं. मग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून यंत्रात. स्तंभ पूर्ण पाण्यावर चालणारा आहे ना, हे विचारून घ्या, नाहीतर पहिल्या काही धावांनंतर शिखरं जागा बदलायला लागतात. काम संपल्यावर आधी साध्या पाण्याने आम्ल धुवायचं, मग मिथेनॉल.

प्रमाण द्रव्याचा, म्हणजे ज्याच्याशी ताडून नमुना मोजतात त्या स्टँडर्डचा, हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. मुक्त एचसीए टिकत नाही, म्हणून ते कॅल्शियमच्या क्षाराच्या किंवा लॅक्टोनच्या रूपात विकत मिळतं. १०० मिलिग्रॅम निर्जल ट्रायबेसिक कॅल्शियम क्षारात एचसीए सुमारे ७८ मिलिग्रॅमच असतं. बाटलीवरचं पाणी आणि शुद्धता बघून दुरुस्ती करा, मग पाच वेगवेगळ्या तीव्रतांवर आलेख काढा. एकदा नमुन्यातच ठाऊक प्रमाणात प्रमाण द्रव्य मिसळून ते परत किती मिळतं तेही बघा. ९५ ते १०५ टक्के परत आलं तर मला त्या आकड्यावर विश्वास ठेवायला आवडेल, ७० आलं तर अर्क काढण्यापासून पुन्हा बघावं लागेल.

गार्सिनॉल: धीराचं काम

गार्सिनॉल वेगळं काढून हातात घेणं हा या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग आहे असं मला वाटतं, आणि तो बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत जमतो.

पूड पूर्ण कोरडी हवी. सॉक्सलेटमध्ये, म्हणजे द्रावक पुन्हापुन्हा पुडीवरून फिरवणाऱ्या उपकरणात, हेक्झेनने काढा. वर लाल रंग राहतो आणि खाली फ्लास्कमध्ये पिवळं द्रावण साठतं, म्हणजे पाण्यातलं आणि मेदातलं असं वर्गीकरण डोळ्यांसमोर होतं. हेक्झेन ६९ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ जमिनीलगत लांब पसरते. बर्नर अजिबात नको, हीटिंग मँटल किंवा पाण्याचं तापपात्र घ्या, शेजारच्या टेबलावरही ज्योत नको.

हेक्झेन उडवून उरलेला पिवळट चिकट भाग घ्या, त्यात मेणही असतं. तो कमीत कमी गरम ॲसिटोनायट्राइलमध्ये विरघळवा, गरमच गाळा आणि खोलीच्या तापमानाला दोन दिवस हात न लावता ठेवा. मग एक रात्र फ्रीजमध्ये, पाच अंशांना. तळाला फिकट पिवळा साका बसतो. तो गाळून पुन्हा थोड्या ॲसिटोनायट्राइलमधून स्फटिक करा. आता फिकट पिवळ्या सुया दिसायला लागतात. वितळणबिंदू १२२ अंशांच्या आसपास आला तर काम जमलं. बराच खाली आला किंवा आठ-दहा अंशांत पसरला तर मेण किंवा आयसोगार्सिनॉल सोबत आहे, पुन्हा एकदा स्फटिकीकरण करा. ॲसिटोनायट्राइल विषारी आहे, हातमोजे आणि हूड हवेतच.

ओळखीसाठी सिलिका प्लेटवर टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) करा, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेटचं मिश्रण दोन-तीन प्रमाणांत आजमावा. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठिपका गडद दिसतो. फेरिक क्लोराइड फवारलं तर गडद रंग येतो, कारण रेणूत शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट आहेत. एचपीएलसीवर गार्सिनॉल एचसीएच्या अगदी उलट वागतं. सी-१८ ला ते घट्ट धरून बसतं आणि ८०-९० टक्के ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल असल्याशिवाय सुटत नाही. दोघांना एकाच धावेत मोजून देतो असं कोणी म्हटलं तर पद्धत लिहून मागा.

मँगोस्टीनच्या सालीवर काम करायचं असेल तर हाच शेवटचा भाग थोड्या बदलाने चालतो. तिथे झँथोन वर्गातलं अल्फा-मँगोस्टिन प्रमुख, त्यासाठी इथेनॉल किंवा इथाइल ॲसिटेट घ्या.

वरून रंग लावलाय का

आगळ काढून घेतलेल्या साली रंगवून आमसूल म्हणून खपवल्याची शंका आली तर दोन सोप्या चाचण्या आहेत. अर्क ४.५ च्या बफरमध्ये टाकल्यावर लाली जवळपास जायला हवी. बहुतेक कृत्रिम लाल रंग तिथेही तसेच लाल राहतात. दुसरी, पांढरी शुद्ध लोकर आम्लधर्मी अर्कात उकळा, नीट धुवा. कृत्रिम आम्लरंग लोकरीवर पक्का बसतो आणि विरळ अमोनियात उकळल्यावर सुटून पुन्हा द्रावणात येतो. कोकमाचा रंग अमोनियात लाल राहूच शकत नाही. शंका ठरली तर पुढचं काम मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं. आपल्या चाचणीवर कोणाचं नाव घेऊ नका.

अहवालात काय लिहायचं

प्रत्येक मोजणी तीनदा, तीही तीन वेगळ्या वजनांपासून. एकाच अर्काची तीन वाचनं घेतली तर यंत्राची स्थिरता कळते, नमुन्याची नाही. सरासरीसोबत प्रमाण विचलन द्या. "कोकम वजन कमी करतं" असली वाक्यं अहवालात आणू नका. एचसीए पेशीतल्या एका विकराला अडवतं हे खरं, पण तुमच्या ब्युरेटने ते मोजलेलं नाही.

आणि निकालाची ओळ अर्धवट सोडू नका. ती अशी दिसायला हवी: ताजी साल, झाडावरून काढलेली पिकली फळं, गाव आणि तारीख, ४८ अंशांवर ट्रेमध्ये वाळवलेली, मीठ न लावलेली, ओलावा व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ७० अंशांवर १५ टक्के, एकूण अँथोसायनिन पीएच फरक पद्धतीने, सायनिडिन-३-ग्लुकोसाइड समतुल्य, कोरड्या वजनावर १०० ग्रॅमला १३६७ मिलिग्रॅम, वजनं तीन.